कपाट आणि मांडणी

आफ्रिकेतील मलावी या देशाच्या दक्षिणेकडील एका जिल्ह्यात औषधसाठ्याचे हिशेब तपासण्याच्या कामावर मी दोन वर्षे होते. हा काळ २०१६ ते २०१८ चा. परकीय निधीवर चालणाऱ्या एका प्रकल्पाने मला तिथे नेमले होते आणि माझ्या वाट्याला चौदा आरोग्य केंद्रे आली होती. त्यांपैकी एका केंद्रातील औषधांची खोली आजही माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहते. डावीकडे एक पोलादी कपाट होते. त्याला पितळी कुलूप, दारावर छापील तक्ता आणि आत एचआयव्हीवरच्या गोळ्यांच्या पांढऱ्या डब्या ओळीने रचलेल्या असत. लवकर मुदत संपणाऱ्या डब्या पुढे आणि नंतरच्या मागे. प्रत्येक औषधाचे स्टॉक कार्ड आदल्या दिवसापर्यंत भरलेले असे. उजवीकडे भिंतीला टेकून एक लाकडी मांडणी होती. तिच्यावर जंताच्या गोळ्यांचे दोन डबे, हातमोज्यांचे एक अर्धे खोके आणि तळ गाठलेली पॅरासिटामॉलची बरणी, एवढाच ऐवज होता. अमॉक्सिसिलिनच्या कार्डावरील शेवटची नोंद सात आठवड्यांपूर्वीची होती आणि शिल्लकेच्या रकान्यात शून्य होते.

त्या दिवशी पन्नाशीच्या आसपासची एक बाई खिडकीशी आली. मलावीत प्रत्येक रुग्णाजवळ एक छोटी वही असते. तिला तिथे हेल्थ पासपोर्ट म्हणतात आणि रुग्णाचा सगळा वैद्यकीय इतिहास त्या वहीतच राहतो. बाईने ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून चितेंजेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळण्याच्या छापील कापडाच्या, गाठीत जपून बांधली होती. तिला एचआयव्हीची बाधा होती आणि तिचा उपचार उत्तम चालला होता. तिथे ज्या मिश्र गोळीला सगळे ‘फाइव्ह ए’ म्हणत, तिचा तीन महिन्यांचा पुरवठा तिला डावीकडच्या कपाटातून पाच मिनिटांत मिळाला. मात्र तिला उच्च रक्तदाबही होता आणि त्यावरची साधी, जगातल्या सर्वांत स्वस्त औषधांत मोडणारी गोळी उजवीकडच्या मांडणीवर नव्हती. परिचारिकेने वहीत ‘औषध शिल्लक नाही, बाहेरून घ्यावे’ असे लिहून दिले. बाहेरून म्हणजे बोमामधून, अर्थात जिल्ह्याच्या ठाण्याच्या गावातून, आणि तिथपर्यंतचे मिनीबसचे भाडेच तिला परवडणारे नव्हते. तिने वही पुन्हा गाठीत बांधली आणि ती निघून गेली. एकाच देहातील दोन आजारांपैकी एकाची जबाबदारी जगाने घेतली होती आणि दुसऱ्याची तिच्या सरकारने घ्यावी, असे गृहीत धरलेले होते.

परकीय मदतीविषयी बोलताना माणसे बहुधा दोन टोके गाठतात. एका टोकाला सगळा पैसा पाण्यात गेला असे म्हणणारे आणि दुसऱ्या टोकाला मदत थांबली की सगळे संपले असे म्हणणारे. मी ज्या खोलीत दोन वर्षे कार्डे मोजली, त्या खोलीत दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी उभ्या होत्या. म्हणून मदत चांगली की वाईट, या प्रश्नात मला फारसा रस उरलेला नाही. पैसा कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मलावी हा सुमारे दोन कोटी लोकसंख्येचा, समुद्रकिनारा नसलेला देश आहे. १९६४ साली तो ब्रिटिश अमलातून स्वतंत्र झाला. बहुसंख्य कुटुंबे मक्याच्या लहान तुकड्यांवर जगतात आणि परकीय चलन मुख्यतः तंबाखूतून येते. सरकारी दवाखान्यात उपचार विनामूल्य असतात, आणि आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातील निम्म्याहून अधिक वाटा बाहेरच्या दात्यांचा राहिलेला आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर जवळजवळ सगळाच खर्च ग्लोबल फंड, म्हणजे एड्स, क्षय आणि मलेरिया यांच्यासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी, आणि अमेरिकेचा पेपफार हा एचआयव्हीविरोधी कार्यक्रम यांच्यातून होत आला.

या मदतीचा सर्वांत शहाणा वापर माझ्या मते २००४ साली सुरू झाला, आणि त्यात डोळ्यांत भरण्यासारखे काहीच नव्हते, हीच त्याची खुबी होती. त्या सुमारास देशात एक लाख लोकांमागे जेमतेम दोन डॉक्टर होते आणि परिचारिकांच्या मंजूर जागांपैकी निम्म्याहून अधिक रिकाम्या होत्या. जे शिकले ते ब्रिटनला गेले, जे राहिले त्यांतले कित्येक स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयांत गेले, आणि एड्सने स्वतः आरोग्य कर्मचाऱ्यांनाही सोडले नव्हते. मँचेस्टरमध्ये मलावीहून अधिक मलावियन डॉक्टर आहेत, असे त्या काळी सर्रास म्हटले जाई; ते मोजून पाहण्याचे कष्ट कितीजणांनी घेतले असतील कोण जाणे, पण वाक्य टिकले, कारण दुखणे खरे होते. यावर सरकारने आणि दात्यांनी मिळून जी आणीबाणीची मनुष्यबळ योजना आखली, तिच्यात अकरा संवर्गांतील कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के वाढ देण्यात आली आणि प्रशिक्षण संस्थांची क्षमता वाढवण्यात आली. ब्रिटनच्या विकास खात्याने यासाठी मोठा निधी दिला. दुसऱ्या देशातील सरकारी नोकरांच्या पगाराला हात लावायचा नाही, हा दात्यांचा जुना दंडक होता. पगार म्हणजे कायमचा खर्च, आणि कायमचे काहीही त्यांना नको असते. हा दंडक इथे मोडला गेला. २००४ मध्ये या संवर्गांत ५,४५३ कर्मचारी होते, ते २००९ मध्ये ८,३६९ झाले.

या आकड्याचा अर्थ मला पुढे एका जिल्हा रुग्णालयात समजला. तिथे सिझेरियन करणारा माणूस डॉक्टर नव्हता, क्लिनिकल ऑफिसर होता. डॉक्टरकीपेक्षा कमी कालावधीचे, पण पक्के प्रशिक्षण घेतलेला हा संवर्ग मलावीतील जिल्हा रुग्णालयांचा कणा आहे. पगारवाढ झाली नसती तर आपण एका परदेशी संस्थेत सर्वेक्षणाच्या कामाला लागलो असतो, असे त्याने मला सरळ सांगितले. ज्या वर्षी आपण जाणार होतो आणि गेलो नाही, ते वर्ष त्याला नेमके आठवत होते.

एचआयव्हीवरचे विनामूल्य उपचारही २००४ मध्येच देशभर सुरू झाले, आणि त्यातही अक्कल साधेपणाची होती. सर्वांना एकच पहिली उपचारपद्धती, सिप्लाने तयार केलेली तीन औषधांची एकत्रित गोळी, प्रत्येक रुग्णाचे एक मास्टर कार्ड आणि दर तिमाहीला प्रत्येक केंद्राची तपासणी. प्रयोगशाळा नसेल तिथेही चालेल अशीच ती व्यवस्था बेतलेली होती. २०११ मध्ये मलावीने आणखी एक पाऊल टाकले, आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांच्या पुढचे होते. त्या सूचनांप्रमाणे एचआयव्हीबाधित गर्भवतीला आयुष्यभराचे उपचार द्यायचे की काही महिन्यांचे, हे रक्तातील सीडी४ पेशी मोजून ठरवायचे होते. खेड्यातल्या केंद्रात त्या पेशी मोजणारे यंत्र आणायचे कुठून? मलावीच्या आरोग्य मंत्रालयाने ठरवले की मोजायचेच नाही. गर्भवती बाधित आढळली की त्याच दिवसापासून आयुष्यभर उपचार सुरू करायचे. ‘ऑप्शन बी प्लस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या धोरणापूर्वी, २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत, १,२५७ गर्भवती व स्तनदा मातांनी उपचार सुरू केले होते. २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत हा आकडा १०,६६३ वर गेला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच धोरण स्वीकारले. गोळ्यांचा पैसा बाहेरचा होता, पण निर्णय लिलाँग्वेत, म्हणजे मलावीच्या राजधानीत झाला होता. यंत्र नाही म्हणून उपचार नाही, हे गणित उलटे करण्याचे धाडस संघटनेच्या जिनिव्हातील मुख्यालयात बसून सुचणे कठीण होते, असे मला नेहमी वाटते.

मग डावे कपाट भरलेले आणि उजवी मांडणी रिकामी, असे का झाले? त्याची कहाणी औषधांची नाही, अविश्वासाची आहे. २००४ पासून ब्रिटन, नॉर्वे, जागतिक बँक आदींनी आपला पैसा एका सामायिक खात्यात टाकून सरकारच्याच योजनेप्रमाणे खर्च करू देण्याची पद्धत मान्य केली होती. सरकारने कोणत्या सेवा सर्वांना द्यायच्या याची यादी ठरवलेली होती आणि दाते त्या यादीला पैसे देत होते. ही घडी काही वर्षे बऱ्यापैकी बसली. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांचा कारभार हुकूमशाहीकडे झुकत चालल्याचे सांगणारा ब्रिटिश उच्चायुक्तांचा गोपनीय अहवाल फुटला. मुथारिकांनी उच्चायुक्तांना देशाबाहेर काढले आणि त्याच वर्षी ब्रिटनने सरकारी तिजोरीत थेट जमा होणारी मदत थांबवली. त्याच सुमारास सरकारी औषध कोठारांतील खडखडाट इतका वाढला, की दात्यांनी औषधांचे तयार संच स्वतः खरेदी करून थेट केंद्रांपर्यंत पोचवायला सुरुवात केली.

त्यावर कळस चढवला २०१३ च्या ‘कॅशगेट’ने. सरकारी लेखाप्रणालीत खोट्या नोंदी करून, न झालेल्या कामांची देयके काढून, सहा महिन्यांत सुमारे ३.२ कोटी डॉलर लुटले गेल्याचे परदेशी लेखापरीक्षकांनी दाखवून दिले. सप्टेंबरमध्ये अर्थसंकल्प संचालकावर गोळीबार झाला आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांत, घरांत नोटांच्या थप्प्या सापडल्या, तेव्हा देशालाही धक्का बसला आणि दात्यांनाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. दात्यांनी तर भांडेच बदलले. सरकारी खात्यातून पैसा जाणार नाही. तो संस्थांमार्फत, प्रकल्पांमार्फत, स्वतःच्या गोदामांमार्फत आणि स्वतःच्या मालमोटारींमार्फत जाईल, असे ठरत गेले. मुख्य कालवा गळतो म्हणून शेजारून प्रत्येकाने आपापला पाट खणला. त्या पाटांचे पाणी वेळेवर पोचत होते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. पण कालवा दुरुस्त करायला लागणारे हात, पैसा आणि लक्षही त्याच पाटांकडे वळले. दात्यांना दोष देणे सोपे आहे. मलेरियाची सरकारी औषधे बाजारात विकली जात असल्याची उदाहरणे समोर आली होती आणि आपल्या करदात्यांना उत्तर देणे त्यांनाही भाग होते. तरीही उपाय असा निवडला गेला, की त्यात रोग बरा होण्याची शक्यताच उरली नाही.

या गुंत्यात माझाही हात होता, हे सांगितले नाही तर हे लिहिणे अप्रामाणिक ठरेल. मी गेले तेव्हा त्या केंद्रातील औषध सहायक पाच प्रकारच्या नोंदी ठेवत होता: मंत्रालयाचा मासिक साठा अहवाल, एचआयव्हीचे नोंदपुस्तक, मलेरियाच्या औषधांचे वेगळे पत्रक, क्षयाचे वेगळे, आणि कुटुंबनियोजनाचे आणखी वेगळे. आमच्या प्रकल्पाला आपल्या दात्याला दाखवण्यासाठी काही आकडे हवे होते, जे या पाचांपैकी कशातच हव्या त्या स्वरूपात नव्हते. मी सहावे पत्रक तयार केले. ते सुटसुटीत होते, रंगीत होते आणि माझे वरिष्ठ त्यावर खूश होते. सहा महिन्यांनी एका शुक्रवारी मी न कळवता केंद्रावर गेले, तेव्हा तो सहायक एकाच बैठकीत संपूर्ण महिन्याचे रकाने भरताना दिसला; तीस दिवसांसाठी त्याने दोन पेने वापरायची ठेवली होती, म्हणजे शाई सारखी दिसू नये. मला पाहून तो ओशाळला. त्याहून अधिक मी ओशाळले. तो त्या वेळी रुग्णांना औषधे द्यायला हवा होता, आणि खिडकीबाहेर माणसे ताटकळत होती. ते पत्रक बंद करावे असे मी लेखी कळवले. माझा करार संपेपर्यंत ते चालूच होते.

भत्त्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण तो विषय मलावीत काम केलेल्या कोणालाही नवा नाही. प्रत्येक प्रकल्पाला प्रशिक्षण घ्यायचे असते, ते सरोवराकाठच्या हॉटेलात होते आणि उपस्थितांना दिवसाचा भत्ता मिळतो. ज्या परिचारिकेचा पगार महिनाअखेर पुरत नाही, तिला चार दिवसांचा भत्ता म्हणजे मुलाची शाळेची फी. ती जाणारच, आणि तिने का जाऊ नये? मात्र आमच्या त्या केंद्रावर दोनच परिचारिका होत्या, आणि एका महिन्यात तीन निरनिराळ्या प्रकल्पांनी त्यांना आळीपाळीने बोलावले. त्यांतल्या एका प्रशिक्षणाचा विषय सेवेची गुणवत्ता असा होता.

सगळाच पैसा वाया गेला, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. २००० च्या सुमारास मलावीतील सरासरी आयुर्मान ४५ वर्षांच्या आसपास होते, ते पुढच्या दोन दशकांत साठीच्या पुढे गेले. १९९२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हजार बालकांपैकी २३४ बालके पाच वर्षांची होण्यापूर्वीच दगावत असल्याचे आढळले होते. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ही संख्या ६३ होती. यामागे लसीकरण आहे, मच्छरदाण्या आहेत, एचआयव्हीच्या गोळ्या आहेत आणि खेड्याखेड्यांत सायकलवरून हिंडणारे एचएसए आहेत. दहावी-बारावीपर्यंत शिकलेले, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेले हे आरोग्य सेवक लस देतात, तापाच्या मुलाला मलेरियाची गोळी देतात आणि कोणाच्या घरी बाळंतपण होणार आहे हे लक्षात ठेवतात. ग्लोबल फंडाच्या पैशाने त्यांची संख्या वाढवली गेली, आणि पुढे त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागला. मदतीचा पैसा सरकारी पगारपत्रकात विरघळला तिथे तो टिकला, आणि शेजारच्या पाटातून वाहिला तिथे तो पाट आटेपर्यंतच टिकला, हे माझ्या दोन वर्षांच्या कार्डमोजणीचे फलित आहे.

अर्थात सरकारी तिजोरीत विरघळणेही निर्धोक नव्हते. मनुष्यबळ योजनेचा बाहेरचा निधी आटल्यावर, ज्या परिचारिकांना शिकवण्यासाठी महाविद्यालये वाढवली होती, त्यांनाच नोकरी द्यायला सरकारकडे पैसे नव्हते. मी तिथे असताना एकीकडे रिकामी पदे आणि दुसरीकडे पदविका हातात घेऊन घरी बसलेल्या मुली, असे विचित्र दृश्य होते. शिवाय औषधे डॉलरमध्ये येतात आणि अर्थसंकल्प क्वाचात, म्हणजे मलावीच्या चलनात, मांडला जातो. मे २०१२ मध्ये क्वाचाचे अवमूल्यन झाले तेव्हा डॉलरचा दर १६८ वरून २५० क्वाचा झाला. नोव्हेंबर २०२३ च्या अवमूल्यनात तो सुमारे १,१८० वरून १,७०० वर गेला. एका रात्रीत मांडणीवरील प्रत्येक बरणीची किंमत वाढली, आणि बरणी विकत घेणाऱ्या खात्याची तरतूद मात्र तेवढीच राहिली. कपाटाला याची झळ लागली नाही, कारण कपाटाचा हिशेब मुळातच डॉलरमध्ये होता.

२०२३ मध्ये मलावीने आरोग्याचे नवे धोरण आणले. ‘एक योजना, एक अर्थसंकल्प, एक अहवाल’ असे त्याचे सूत्र आहे. शंभराहून अधिक निधीस्रोत आणि त्याहून अधिक अंमलबजावणी संस्था असलेल्या देशाने असे म्हणणे म्हणजे दात्यांना नम्रपणे हात जोडून रांगेत उभे राहायला सांगणे होय. मला ते सूत्र वाचून माझे सहावे पत्रक आठवले. काही दाते रांगेत यायला तयारही होते. पण त्याआधीच दात्यांचे घरचे राजकारण फिरले. ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ वर आणली होती. २०२७ पर्यंत ती ०.३ वर नेण्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. त्याच्या महिनाभर आधी, २० जानेवारीला, अमेरिकेने परकीय मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली होती, आणि १ जुलैपासून ही मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच इतिहासजमा झाली.

त्या दिवसांत मी माझ्या जुन्या जिल्ह्यातील एका सहकाऱ्याशी बोलत होते. आमच्या काळी तो एचआयव्ही उपचारांच्या नोंदी संगणकात भरायचा. बहुतेक गोळ्या ग्लोबल फंडाच्या पैशाने येत असल्याने कपाट लगेच रिकामे झाले नाही, असे त्याने सांगितले. नाहीशी झाली ती माणसे. चाचण्या करणाऱ्या मुली, नोंदी भरणारे तो आणि त्याच्यासारखे, आणि उपचार मध्येच सोडलेल्या रुग्णाच्या घरी सायकलने जाऊन त्याला परत आणणारे, स्वतःही बाधित असलेले कार्यकर्ते. या सगळ्यांचे पगार अमेरिकेच्या पाटातून येत होते आणि थांबण्याचा आदेश एका ईमेलने आला होता. कोण आले नाही हे कळायला नोंद लागते, आणि नोंद करणारा माणूसच घरी बसला होता. संगणक कुलूपबंद खोलीत होता. परिचारिकेने मंत्रालयाचे जुने, जाडजूड कागदी नोंदपुस्तक पुन्हा काढले होते. आम्ही सगळ्यांनी हिणवलेले ते एकच नोंदपुस्तक चालू होते, आणि माझ्या रंगीत पत्रकाची त्याला धड आठवणही नव्हती.

त्याने मला एक शिफारसपत्र मागितले. कुठेतरी नव्याने अर्ज करायचा होता. पत्र लिहायला वेळ लागला नाही. त्याची हुशारी आणि सचोटी यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ होते. मग अर्जातील रकान्याप्रमाणे पूर्वीच्या नियोक्त्याचे नाव, पत्ता आणि पडताळणीसाठी संपर्क भरायचा होता. प्रकल्पाच्या जुन्या पत्त्यावर मी ईमेल पाठवून पाहिला, तो परत आला. लिलाँग्वेतील कार्यालयाचा दूरध्वनी लागला नाही. शेवटी त्या रकान्यात मी माझाच नंबर लिहिला.